आत्या, उद्या माझी व्हायवा आहे

प्रिय आत्या,

उद्या सकाळी अकराला माझी व्हायवा आहे. व्हायवा म्हणजे काय ते तुला मी दहादा समजावलं होतं, तरी तू शेजारणींना "मनीची तोंडी परीक्षा" असंच सांगायचीस. तेच बरोबर आहे म्हणा. बाहेरून दोन परीक्षक येतील, माझा प्रबंध पुढ्यात घेऊन प्रश्न विचारतील, आणि शेजारच्या खुर्चीत माझे गाइड बसलेले असतील. तुझे ते 'सर'.

आज रविवार. बाबा जेवून आडवे झालेत, आई आत भांडी लावतेय. मी मोरव्याच्या आपल्या घरात, तुझ्या ओटीवर बसून हे लिहितेय. आजच का? कारण उद्या मी तिथे जे करणार आहे ते तू असतीस तर मला करू दिलं नसतंस. "जाऊ दे गो, देव बघतंय," म्हणाली असतीस. देवाला बघू दे. मीही बघून घेणार आहे.

तू गेलीस त्याला दोन महिने झाले. सगळे म्हणतात, मनी, रड एकदा मोकळेपणी. मला रडू येतच नाही गं! मला राग येतो. दात घासताना येतो, रिक्षात येतो, पेशंटचा हात धरून व्यायाम करून घेताना येतो. दुःख नंतर करीन. आधी त्या माणसाचा हिशोब.

आणि हो, या पत्रात मी सरांना 'तो' म्हणणार आहे. तुला आवडणार नाही. शिकवणाऱ्याला अरेतुरे करायचं नाही, हे तूच शिकवलंस. पण तू शिकवलेल्या बऱ्याच गोष्टी त्याने माझ्याकडून काढून घेतल्या, ही एक मी स्वतःहून सोडते.

विषय तुझ्याच गुडघ्यांतून निघाला होता, आठवतं? एमपीटीच्या पहिल्या वर्षी, फिजिओथेरपीत पुढचं शिकायचं तर प्रबंध लागतोच, म्हणून मी विषय शोधत बसले होते. तू पायरी उतरताना "आय आय गं" करत भिंत धरलीस. मी म्हटलं, तुझ्या वयाच्या सगळ्यांचंच असं का? तू म्हणालीस, "मिठागरावर राबलेली एक बाई दाखव, जिचं गुडघं धड हाय." झालं! मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहिलेल्या बायका, त्यांचे गुडघे, आणि खुर्चीवर बसून करायचे सहा आठवड्यांचे व्यायाम. त्याने सिनॉप्सिस वाचला आणि म्हणाला, "नाइस. लोकल फ्लेवर आहे." तुमच्या गुडघ्यांना तो फ्लेवर म्हणाला, आत्या. मला तेव्हा ती शाबासकी वाटली.

तीस बायका हव्या होत्या. मला वाटलं, गोळा करायला तीन महिने जातील. तू एका संध्याकाळी, मारुतीच्या देवळातल्या भजनातून तीस नावं लिहून आणलीस. वर म्हणालीस, "अजून पायजेत?"

पण संमतीपत्रावर सही करायची म्हटल्यावर सगळ्या मागे सरल्या. का ते कॉलेजमध्ये कोणाला कळेना, आपल्याला कळलं. आपल्याकडे कागदावर सही म्हणजे जमीन गेली. तारा काकीने तर मला तोंडावर विचारलं, "मने, यात आमचा सातबारा न्हाय ना कुठं?" मग तू देवळाच्या पायरीवर बसलीस, चष्मा लावलास आणि चौथी शिकलेल्या बाईने दोन पानी संमतीपत्र शब्द न् शब्द तीस जणींना वाचून दाखवलं. 'कोणत्याही क्षणी अभ्यासातून बाहेर पडण्याचा अधिकार' हे वाक्य तू दोनदा वाचलंस. त्यानंतरच सगळ्यांनी सह्या केल्या. बिल्डरचा माणूस कागद घेऊन आला होता तेव्हाही तू त्याला उभाच ठेवला होतास, "आधी वाच, मंग बस," म्हणून.

अशी तू! आणि मग तूच... येते तिथे. क्रमाने सांगू दे, उद्यासाठी तालीमही होईल.

सहा आठवडे व्यायाम झाले. काय धमाल होती ती! खुर्च्या समाजमंदिरातल्या, मोजणी तुझ्या तोंडाने, आणि मध्येच कोणाच्या सुनेची निंदा. व्यायामांआधी एकदा मोजलं होतं तसंच शेवटी दुसरं मोजमाप ठेवलं, शाळेच्या लांब व्हरांड्यात. सहा मिनिटांत कोण किती चालते ते बघायचं. मला आत यायला बंदी होती. व्यायाम शिकवणाऱ्याने निकाल मोजायचा नसतो, नाहीतर प्रेमापोटी आकडे फुगतात. म्हणून माझ्या वर्गातली पूजा मोजायला आली. ती जयपूरची, आपल्यातल्या एकीलाही ओळखत नव्हती. तिच्यासाठी तुम्ही सगळ्या फक्त नंबर. पदराला सेफ्टी पिनने चिठ्ठी लावलेली, एक ते तीस.

पूजा बाहेर आली ती नाचतच. "मनीषा, सत्रह नंबरवाली आंटी तो उड़ रही थीं!"

सतरा नंबर म्हणजे तारा काकी. बायकांची ये-जा मागच्या दाराने होती, मी पुढच्या फाटकाबाहेर उभी राहून टाळ्या वाजवल्या.

आकडे बघून तो खूश! खांद्यावर थाप, कॉफी, "तू माझी बेस्ट स्टुडंट." पंधरा दिवसांनी मी तारा काकीच्या घरी लाडू द्यायला गेले, तर काकी जिना बसत बसत उतरत होती. अगदी बसून, एकेक पायरी. मी म्हटलं, काकी, त्या दिवशी तर तुम्ही उडत होतात! ती हसली. "मी कुठं? मी गोडदेवला हळदीला. माझी जाव आलेली ना."

मी तशीच घरी आले. तू तांदूळ निवडत होतीस. मी विचारलं आणि तू इतक्या सहज सांगितलंस, जसं काही दूध उतू गेलं असं सांगावं. त्या दिवशी गोडदेवला हळद होती, नात्यातली. हळदीच्या घरी सकाळपासून बायका लागतात, न जाऊन चालत नाही. तारीख त्याने ठरवलेली, बदलणार नव्हती. मग तू अकरा जणींच्या जागी त्यांच्या जावा, नणंदा, शेजारणी पाठवल्यास. "मिठागरावर असंच व्हतं गो. एक आली न्हाय तर बदली जायची. काम तिच्याच नावावर. तुना तीस पायजे व्हत्या ना? तीस आल्या. मंग?"

मंग! त्या 'मंग'वर मी तुझ्यावर ओरडले. जन्मात पहिल्यांदा. तुला काय कळतं, तू माझं वर्ष घालवलंस, असं बरंच काही. तू सुपातले तांदूळ तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिलीस. मला तेव्हा समजायला हवं होतं की एवढ्या बायकांनी एकमेकींची अडचण भागवायची ही रीत आहे, लबाडी नाही. एकीलाही वाटलं नाही की आपण काही चुकीचं करतोय. त्यांना विचारायचं होतं मी! आधीच सांगायचं होतं की इथे बदली चालत नाही. ते माझं काम होतं, तुझं नव्हे. पण आत्या, तूही एक शब्द बोलायचा होतास ना गं मला!

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी त्याला सगळं लिहून पाठवलं. अकरा नंबर, काय झालं, कसं झालं. त्याचं उत्तर माझ्या फोनमध्ये अजून आहे. "मेसेज मिळाला. कोणाशी बोलू नकोस. आहे तसं चालू दे." मग केबिनमध्ये बोलावून दार लावून म्हणाला, "बघ मनीषा, पेशंट-रिसर्चमध्ये थोडा कचरा असतोच. तुला पास व्हायचंय ना?"

मला पास व्हायचं होतं. मी गप्प बसले.

तेच आकडे घेऊन तो मोठ्या परिषदेला गेला, बक्षीस घेऊन आला. पेपर छापून आला, त्यात त्याचं नाव पहिलं, माझं तिसरं. दुसरं कोणाचं होतं ते मला आजही माहीत नाही. आणि मग कुठल्याशा हुशार माणसाने पत्र पाठवून विचारलं, सहा आठवड्यांत साठीच्या बायका एवढ्या कशा सुधारल्या? मूळ नोंदी दाखवाल का?

तेव्हा त्याला तू आठवलीस.

"आत्याबाईंना घेऊन ये, थँक्स म्हणायचंय," असं मला सांगितलं. तू ठेवणीतलं लुगडं नेसलीस. बोंबलाची चटणी भरलेली बरणी घेतलीस त्याच्यासाठी! मी तुला तिथे घेऊन गेले, मीच. केबिनमध्ये दोन खुर्च्या होत्या, एकीवर फायली. तुझे गुडघे असे, आणि तो तुला बसा म्हणाला नाही. दुसऱ्या खुर्चीवर मी बसले होते. मी उठले नाही, आत्या. त्याच्यासमोर उठावं की नाही हे मला कळेना. आज हसू येतं, एवढं साधं कळेना मला!

कागद इंग्रजीत होता. तू म्हणालीस, "सर, वाचून दाखवता का?" तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "साधं आहे हो, प्रोसिजर. भाचीची डिग्री पाहिजे ना तुम्हाला?" तू माझ्याकडे बघितलंस. मी कागद वाचलेला होता, पुरता वाचलेला. त्यात लिहिलं होतं, मी, यमुना, माझ्या भाचीला पास करण्याच्या हेतूने अकरा तोतया बायका जाणूनबुजून पाठवल्या, आणि मार्गदर्शक डॉक्टरांना याची काहीही कल्पना नव्हती.

मी मान खाली घातली. तू त्याला होकार समजलीस. तू सही केलीस, मोठ्या गोल अक्षरात, आणि मग नेहमीसारखी वरून सावकाश रेघ ओढलीस.

परत येताना रिक्षात तू विचारलंस, "काय लिवलेलं गो?" आणि मी म्हणाले, "तुमच्यामुळे अभ्यास पूर्ण झाला, असं."

तू खूश झालीस. नाक्यावर उतरून कलिंगड घेतलंस.

यानंतर त्याने जे केलं त्याला मी माफ करणार नाही, सात जन्म नाही. आपण पकडले जाणार म्हटल्यावर तो स्वतःच पुढे झाला. आपणच चूक शोधून काढली असं सांगत पेपर दुरुस्त केला, अकरा जणी वगळल्या, आणि कॉलेजच्या हॉलमध्ये भाषण दिलं. विषय काय, तर संशोधनातला प्रामाणिकपणा! पडद्यावर तुझा कागद. आडनावावर काळी पट्टी मारलेली, पण 'यमुना' तसंच उघडं. त्याखाली लाल अक्षरात 'नातेवाइकांकडून फसवणूक'. पोरं हसली. पहिल्या वर्षाला आपल्या आळीतली एक मुलगी आहे, तिने फोटो काढून आईला पाठवला, ही आपली यमुना आत्याच ना म्हणून.

संध्याकाळपर्यंत मोरव्यात सगळ्यांना कळलं. तारा काकी दारात येऊन म्हणाली, "यमुने, आमाला तोतया बनवलंस? तू वाचून सही करणारी!" तू तिला सांगितलं नाहीस की भाचीने मान हलवली म्हणून केली. भजनाला जाणं सोडलंस. टाळ खुंटीवरून काढून कपाटात ठेवलेस. मला एकदाही विचारलं नाहीस. का नाही विचारलंस? दोन थोबाडीत मारायच्या होत्यास! मी रोज संध्याकाळी घरी येताना ठरवायचे, आज सांगते. आणि तू ताट वाढून समोर बसायचीस, मासळीतले काटे काढून द्यायचीस, सत्तावीस वर्षांच्या घोडीला.

एक दिवस सकाळी तू याच ओटीवर चहाची बशी हातात धरून गेलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. मीही वैद्यकातलीच आहे, मला माहीत आहे की लाज हे मृत्यूचं कारण म्हणून लिहिता येत नाही. म्हणून मी त्याला खुनी म्हणत नाहीये. पण तुझे शेवटचे पाच महिने त्याने खाल्ले, एवढं तर मी शपथेवर सांगू शकते.

त्याचा मेसेज आला. हात जोडलेलं चित्र, आणि खाली, "व्हायवाची तारीख बदलता येणार नाही." बस. मेल्याचं तळपट होवो!

दहाव्याला खाडीवर गेलो. मला वाटलं, आता कावळा शिवणार नाही. तासभर बसवशील सगळ्यांना, तुझं मन अडकलं असेल, कोणीतरी विचारील काय राहिलं म्हणून, आणि मी सर्वांसमोर बोलेन. मी वाक्यं पाठ केली होती. आणि तू? पिंड ठेवून बाबा मागे सरले नाहीत तोच कावळा आला आणि खाऊन गेला! सगळे म्हणाले, शांत जीव, काही मागणं नव्हतं. मी खाडीच्या काठावर उभी राहून मनातल्या मनात तुझ्यावर ओरडत होते. काहीच मागायचं नव्हतं तुला? एवढं होऊन? मला बोलायची वेळ येऊ नये म्हणून घाई केलीस ना? मला वाचवलंस परत! कोणी सांगितलं होतं तुला?

ठीक आहे. तुला काही नको असेल. मला हवंय.

त्याच दुपारी मी तारा काकीकडे गेले आणि जिन्यात बसून तिला सगळं सांगितलं. कागद, खुर्ची, मान, रिक्षा. ती माझ्यावर इतकी भडकली की शेजारचा गुजराती दुकानदार "क्या हुआ भाभी" करत वर आला. मग ती रडली, मग उठून चप्पल घातली. आठ दिवसांत त्या अकरा जणींनी आणि त्यांच्या जागी आलेल्या अकरा जणींनी मला मराठीत लिहून दिलं, कोण कुठे होतं, कोण का आलं, आणि इथे बदली चालत नाही असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं हे. यमुनाने पैसा, धाक, काही दिलं नाही हे. एकमेकींना वाचून दाखवूनच सह्या झाल्या. शेवटच्या कागदानंतर काकी म्हणाली, "त्याला सोडू नको हां मने."

ते बावीस कागद, माझा मेसेज, त्याचं उत्तर, त्यावरची तारीख, सगळ्याच्या तीन-तीन प्रती काढल्यात. दोन परीक्षकांना, एक कॉलेजच्या चौकशी समितीला. माझ्या प्रबंधात पान बासष्टवर त्याने लिहायला लावलेलं वाक्य आहे, 'ही फसवणूक मार्गदर्शकांच्या तात्काळ लक्षात आली'. तात्काळ! माझ्या मेसेजनंतर आठ महिन्यांनी. उद्या मला पहिला प्रश्न काहीही विचारोत, मी पान बासष्ट उघडणार आहे.

त्या क्षणाचं त्याचं तोंड मी रोज बघते, आत्या. आधी हसेल. मग "मनीषा इज अंडर स्ट्रेस," म्हणेल. मग तारीख वाचली जाईल. मला ते तोंड हवंय. मला त्याची खुर्ची जायला हवी, बक्षीस परत द्यायला हवं, आणि ज्या हॉलमध्ये तुझं नाव पडद्यावर लावलं त्याच हॉलमध्ये त्याने उभं राहून ते नाव घेऊन माफी मागायला हवी. यात विद्येची सेवा वगैरे काही नाही. हा सूड आहे. मला तो गोड लागतोय, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तो काय करेल तेही मला माहीत आहे. म्हणेल, हिच्याच प्रबंधावर हिची सही आहे, हिनेच गप्प राहून फायदा घेतला, ही स्वतःला वाचवायला माझ्यावर ढकलतेय. आणि यातलं पहिलं खरं आहे. तोच त्याचा हुकमी पत्ता आहे. त्याच्या भरवशावर तो आज निवांत झोपला असेल. त्याला वाटतं, डिग्रीसाठी जी पोरगी आत्याला उभी ठेवते, ती डिग्री हातात येण्याच्या दिवशी तोंड उघडणार नाही.

बाबांना काल सांगितलं. ते म्हणाले, "तीन वर्षं गेली तर?" मी म्हटलं, जातील. ते म्हणाले, "ताईला आवडलं नसतं." मी म्हटलं, माहितीय.

तर हे वचन. उद्या त्याचं नाव घ्यायच्या आधी मी माझं घेईन. तो कागद मी वाचला होता, तिने वाचून दाखवा म्हटलं तेव्हा मी शेजारी बसले होते, मी मान खाली घातली, आणि तिला खोटं सांगितलं, हे मी उभी राहून, मोठ्याने, परीक्षकांकडे बघून सांगेन. डिग्री घ्या म्हणेन. मग त्याच्याकडे वळेन. तेव्हा माझ्याकडून काढून घेण्यासारखं त्याच्यापाशी काही उरलेलं नसेल.

तू नको म्हणशील. मी ऐकणार नाही, आणि न ऐकल्याची माफीही मागणार नाही. माफी मागते ती फक्त रिक्षातल्या त्या एका वाक्याची. तुझ्यामुळे अभ्यास पूर्ण झाला असं त्यात लिहिलेलं नव्हतं, आत्या. ते मला माझ्या प्रबंधात लिहायचं होतं, आणि मी लिहिलं नाही.

तुझी भाची,
मनी